दोनशे फुटांतले थांबे

मार्चमधला दुसरा शनिवार, सकाळचे साडेदहा. स्थळ: अमेरिकेतलं अल्फारेटा, आमच्या घरासमोरचा रस्ता. हजर: मी, नवरा, सुट्टीला घरी आलेली मुलगी आणि गॅरेजमधली पंचवीस फुटी टेप. समोरच्या घराचा कुत्रा खिडकीतून सगळं बघत होता, पण त्याची हजेरी मी लावली नाही.

काम एकच होतं. रस्त्यावर दोनशे फूट मोजायचे आणि ते मी न थांबता चालू शकते का, ते बघायचं.

हे कशासाठी, ते आधी सांगते.

मला नऊ वर्षांपासून संधिवात आहे. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं, तो प्रकार. सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळत नाहीत आणि पायाचं म्हणाल तर चपलेत खडा गेल्यासारखं वाटतं, फक्त चप्पल काढून तो झटकता येत नाही. मधूनमधून बरे दिवस असतात. खरं तर घोळ त्या बऱ्या दिवसांनीच होतो, कारण लोक मला त्याच दिवशी बघतात. वाईट दिवशी मी घरात असते.

दर रविवारी मी आमच्या मराठी शाळेत सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवते. अकरा वर्षं झाली. जोडाक्षरं हा माझा प्रांत. मुलं माझ्याशी इंग्रजीत भांडतात, पण 'विद्यार्थी' हा शब्द अचूक लिहितात. जानेवारीत आमची शाळा नव्या इमारतीत गेली. इमारत छान आहे, वर्ग मोठे आहेत, पण गाड्या लावायची जागा मैदानाच्या पलीकडे. गाडीपासून वर्गापर्यंत पोचले की पुढचे दोन तास फळ्याशी उभं राहण्याइतके पाय माझ्याकडे उरायचे नाहीत. फेब्रुवारीत दोन रविवार बुडवले. अकरा वर्षांत त्याआधी दोनच बुडवले होते, तेही बाळंतपणं आणि लग्नं धरून, आणि ती माझी नव्हती.

मग मी शाळेच्या मुख्य बाईंना फोन केला. "एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत मला वेळ द्या. जमलं तर येईन, नाहीतर माझ्या वर्गाला दुसरं कोणीतरी बघा."

"ताई, तुम्ही घाई करू नका," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पण पहिल्या रविवारी नक्की सांगा हं. पुस्तकं मागवायची असतात."

नवरा दारापर्यंत सोडायला तयार होता आणि दोनतीन रविवार त्याने सोडलंही. पण मी तासभर आधी जाऊन बाकं लावणारी आणि सगळ्यांत शेवटी फळा पुसून निघणारी बाई. कोणी आणून सोडायचं, मग न्यायला यायचं, मध्ये मी पायरीवर बसून वाट बघायची. माझं पार्सल झालं होतं. आणि शाळेच्या अगदी दारासमोर निळ्या खुणेच्या, अपंगांच्या गाड्यांसाठी राखलेल्या दोन जागा होत्या. त्यातली एक कायम रिकामी.

त्या जागेचं नाव पहिल्यांदा काढलं ते मुलीने, कॉलेजातून फोनवर.

"आई, जस्ट अप्लाय."

"अगं, ते अपंग लोकांसाठी असतं."

"यू क्वालिफाय. मी फॉर्म वाचलाय. आर्थ्रायटिस लिहिलंय त्यात."

"माझ्याहून जास्त गरज असलेले लोक असतील."

"देअर आर टू स्पॉट्स, आई. एक रिकामा असतो. तूच सांगितलंस."

फॉर्म भरायला मला आवडतं. ज्या कामाला रकाने असतात ते काम होतंच, असा माझा आजवरचा अनुभव. त्या जागेत गाडी लावायच्या परवान्याच्या या फॉर्ममध्ये माझा भाग छोटा होता, उरलेला डॉक्टरने भरायचा, नोटरीसमोर सही करून. त्यात एक ओळ होती: रुग्णाला न थांबता दोनशे फूट चालता येत नाही. मी डॉक्टरांकडे फेब्रुवारीअखेरची वेळ घेतली.

त्या दिवशी मी काय काय केलं ते सांगते, कारण चूक तिथेच आहे. पाचला उठले. गरम पाण्यात हात-पाय शेकले. नऊची वेळ म्हणून गोळी रोजच्या वेळेआधीच, सातला घेतली, म्हणजे तिथे पोचेपर्यंत अंग मोकळं होईल. इस्त्रीचा कुर्ता, टिकली, चांगले बूट. माझी आई तापाने फणफणलेली असली तरी दवाखान्यात जायच्या आधी घडीची साडी नेसायची आणि वेणी घालायची. डॉक्टरपुढे गबाळं जायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. सोबत फाइल, त्यात रंगीत खुणा लावलेले कागद. निळा रक्ततपासणीचा, पिवळा औषधांचा. डॉक्टरांच्या खोलीपर्यंतचा लांब बोळ मी नर्सच्या पुढे चालत पार केला.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या आहेत. नऊ वर्षांची ओळख. त्यांनी विचारलं, "कशा आहात?"

"गुड, गुड," मी म्हणाले. नऊ वर्षं हेच म्हणत आले होते.

मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, घरी कसं चाललंय, यांना जमतं का सगळं. आता माझा नवरा एरवी कौतुकाच्या बाबतीत फार जपून. भाजी उत्तम झाली तर म्हणतो, "आज मीठ बरोबर आहे." पण परक्या माणसासमोर बायकोचं गाऱ्हाणं सांगणं त्याच्या रक्तातच नाही. तो ताठ बसला आणि म्हणाला, "शी डज एव्हरीथिंग. संक्रांतीला साठ लोकांचा स्वयंपाक केला हिने."

"पंचेचाळीस," मी दुरुस्ती केली.

कणीक त्याने मळली होती, कुकर त्याने उचलले होते आणि नंतरचे दोन दिवस मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते, हे दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. नऊ वर्षांच्या नोंदी होत्या. प्रत्येक भेटीत पहिली ओळ तीच: रुग्ण म्हणते, मी छान आहे.

"तुमचे एक्स-रे एक सांगतात आणि तुम्ही दुसरंच सांगता," त्या म्हणाल्या. "सही तर मला करायची आहे. दोनशे फूट तुम्ही न थांबता चालता का?"

"बहुतेक."

"मोजलेत?"

"नाही."

त्यांनी माझ्या फाइलकडे बघितलं. निळ्या, पिवळ्या खुणा. "एवढं सगळं लावून आणता आणि हे मोजलं नाहीत?" मग विचारलं, "आज गोळी कधी घेतलीत?"

मी सांगितलं. त्या हसल्या. "दोन आठवडे चालणं मोजा, लिहून ठेवा. पुढच्या वेळी गोळी रोजच्या वेळेला घेऊन या. आणि जशा घरी असता तशा या."

गाडीतून घरी निघालो. सिग्नलला नवरा म्हणाला, "मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही."

"साठ म्हणालो म्हणून?"

"पंचेचाळीस होते."

म्हणून तो शनिवार आणि ती टेप.

गोळी रोजच्या वेळेला घेतली होती, पायात घरातल्या सपाता. मुलगी उकिडवी बसून टेप धरायची, नवरा दुसरं टोक घेऊन पुढे जायचा, मग ती खडूने रेघ मारायची. आठ रेघा झाल्या. शेवटची रेघ चौथ्या घराच्या टपालपेटीपाशी आली. दोनशे फूट म्हणजे एवढंसंच असतं हे बघून मला जरा लाजच वाटली.

"ओके, आई," मुलगी फोनवर घड्याळ लावत म्हणाली. "गो."

मी निघाले. ती एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला गुंडाळलेली टेप घेऊन. तिसरी रेघ ओलांडली. चौथीच्या जवळ शेजाऱ्यांच्या अंगणात पिवळी फुलं आली होती.

"बघ," मी म्हणाले, "ही गेल्या वर्षी नव्हती इथे."

"आई, दॅट्स अ स्टॉप."

"थांबले कुठे? फुलं बघतेय."

"आई." ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली. "यू डू धिस एव्हरीव्हेअर. ग्रोसरीच्या दुकानाबाहेर तू बार्बेक्यू ग्रिलच्या गॅसच्या टाक्यांच्या किमती वाचतेस. आपल्याकडे ग्रिल नाहीये! देवळात नोटीस बोर्ड वाचतेस, पूर्ण. मंडळाच्या कार्यक्रमाला हॉलबाहेर तो आग लागली तर कुठून पळायचं तो नकाशा असतो ना, तो वाचतेस. दर वेळी. सेम नकाशा."

"माहिती असलेली बरी," मी म्हणाले, पण हसू आलंच. ती म्हणत होती ते खरं होतं. त्या टाक्यांच्या किमती मला पाठ होत्या.

"एक," असं म्हणत तिने फोनमध्ये नोंद केली. "पुढे चल."

पाचवी रेघ गेली. सहावीपर्यंत पोचताना डाव्या पायाने ओरडायला सुरुवात केली होती. मी चालत राहिले. तेवढ्यात शेजारून नवरा म्हणाला, "एक मिनिट थांब गं, लेस सुटली," आणि खाली वाकला.

मी थांबले, तिसऱ्या घराच्या टपालपेटीवर हात टेकला. बरं वाटलं.

मुलीने नोंद केली नाही. ती वडिलांकडे बघत होती. "बाबा," ती म्हणाली.

मीही बघितलं. नवरा एका गुडघ्यावर बसला होता आणि त्याचा हात त्याच्या बुटावर होता. त्या बुटांना लेस नव्हती. पाय सरकवायचे बूट होते ते, दिवाळीला मीच आणलेले.

का आणले होते, तेही सांगते. कारण या माणसाची लेस जिथे तिथे सुटायची. दुकानाबाहेर, विमानतळावर, मुलीच्या कॉलेजच्या चढावर, दर पन्नास पावलांवर. "तुझी लेस इतकी कशी सुटते? डबल गाठ मार ना," असं मी किती वेळा ओरडले असेन. त्याने डबल गाठ मारली, तरी सुटायची. मेण लावलेल्या लेस मागवल्या, त्याही सुटायच्या. शेवटी दिवाळीच्या यादीत लिहिलं, 'याला बिनलेसचे बूट', आणि तो विषय मी खोडून टाकला.

"किती वर्षं?" मुलीने विचारलं.

नवरा उठला. गुडघ्याची धूळ झटकली. त्याचे कान लाल झाले होते. "सवय लागलीय हाताला," तो म्हणाला. मग टेप दुसऱ्या हातात घेतली. "चला. पन्नास राहिले."

मी जगातल्या सगळ्या गोष्टींची यादी ठेवते. फ्रीजच्या फिल्टरची तारीख माझ्याकडे असते. पण ही नोंद माझ्याकडे नव्हती. शेवटच्या पन्नास फुटांत मी आणखी एकदा थांबले, या वेळी कसलंही निमित्त न काढता, रस्त्याच्या मधोमध. तिघेही थांबलो. कुत्रा भुंकला.

दुपारी वही केली. रकाने चार: कुठे, किती फुटांवर थांबले, किती वेळ, बहाणा. चौथा रकाना मुलीच्या आग्रहावरून. ती आठवड्याने कॉलेजला परत गेली, तरी वही चालू राहिली. ग्रोसरी: नव्वद फूट, गॅसच्या टाक्या. ऑफिस: एकशे दहा, फोन आल्याचं नाटक. लायब्ररी: ऐंशी, पुस्तकं परत टाकायच्या पेटीवरच्या सूचना. दोन आठवड्यांत एकदाही दोनशे झाले नाहीत. बऱ्या दिवशीसुद्धा एकशे साठ.

नवऱ्याची मात्र पंचाईत झाली. आता त्याला वाकायला कारण राहिलं नव्हतं. पहिले दोनतीन दिवस तो माझ्या शेजारून हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा चालायचा. मग एकदा दुकानाबाहेर त्याने सरळ विचारलं, "थांबू या?"

"थांबू या," मी म्हणाले.

आणि आम्ही नुसते उभे राहिलो. माणसं बाजूने ढकलगाड्या घेऊन जात होती. टाक्यांच्या किमती वाढल्या होत्या, ते मी त्याला सांगितलं.

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. घरातला कुर्ता, पायात सपाता. उघडं पडल्यासारखं वाटत होतं. त्या दिवशी बोळात मी दोनदा थांबले आणि नर्सही माझ्याबरोबर थांबली.

"कशा आहात?"

"गु..." मी सुरुवात केली. नवरा खोकला.

"दुखतं," मी म्हणाले. "रोज. पाय जास्त, मग हात. सकाळी जास्त." एवढं सांगायला नऊ वर्षं आणि जेमतेम दहा सेकंद लागले.

त्यांनी वही वाचली. बहाण्याच्या रकान्याशी हसल्या, पण मग पान उलटून बराच वेळ बघत राहिल्या. नवऱ्याला विचारलं, "आणि हे सगळं चालू असताना तुम्ही काय करता?"

"मी लेस बांधतो," तो म्हणाला.

त्यांनी त्याच्या बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

फॉर्ममध्ये दोन चौकोन होते: तात्पुरतं आणि कायमचं. मी एकही रकाना कोरा न ठेवणारी बाई, पण तो मी कोरा ठेवला होता. मनात म्हटलं, त्यांना ठरवू दे. त्यांनी 'कायमचं' या चौकोनात खूण केली, बाहेर नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना बोलावलं, कारण त्याच नोटरी होत्या, आणि त्यांच्यासमोर सही केली. शिक्का बसल्याचा आवाज आला. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. नऊ वर्षं जे होतं तेच आता कागदावर होतं, आणि कागदावरच्या गोष्टी मला हाताळता येतात.

शुक्रवारी काउंटीच्या ऑफिसात गेले. मी फॉर्मच्या तीन प्रती नेल्या होत्या, त्यांना एकच हवी होती. दहा मिनिटांत गाडीच्या आरशाला टांगायचं निळं प्लॅकार्ड, म्हणजे परवान्याचं कार्ड, हातात आलं. शनिवारी मुख्य बाईंना फोन केला. "पुस्तकं मागवा."

"किती?"

"माझ्या वर्गाची सगळी."

एप्रिलचा पहिला रविवार. मी एकटी गाडी घेऊन गेले, त्या रिकाम्या जागेत गाडी लावली, प्लॅकार्ड टांगलं आणि दार उघडलं. दारापाशी पुण्याहून आलेल्या एक काकू नातवाला घेऊन उभ्या होत्या.

"अहो, ती जागा अपंगांची आहे हं," त्या काळजीने म्हणाल्या. "इथे फार दंड करतात म्हणे."

"माहितीय काकू. माझ्याकडे कार्ड आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. रविवार होता, शाळा होती. कुर्ता इस्त्रीचाच होता. "दिसत तर नाही हो काही."

"नाही दिसत."

"मग काय होतं?"

'काही नाही हो, असंच' हे ओठांवर आलेलं मी परत गिळलं. "पाय दुखतात, काकू. रोज."

नातू आत पळाला होता. काकू माझ्याजवळ सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझे गुडघे. कोणाला बोलले नाही अजून. सून रोज म्हणते, चला आई, चक्कर मारून येऊ. मी जाते आणि प्रत्येक घराची बाग बघत उभी राहते. तिला वाटतं मला झाडांची फार आवड आहे."

"सुनेला सांगा, काकू."

"बघू," त्या म्हणाल्या आणि माझा दंड धरला. दारापर्यंत पस्तीस फूट असतील. त्या मला आधार देत होत्या की मी त्यांना, ते आम्ही ठरवलं नाही.

त्या दिवशी पूर्ण दोन तास मी फळ्याशी उभी होते. 'ज्ञ' शिकवला. एका मुलीने विचारलं, "बट व्हाय कान्ट इट जस्ट बी टू लेटर्स?" मी म्हटलं, मराठीत विचार, मग सांगते. तिने विचारलं. मी सांगितलं. सगळे गेल्यावर फळा पुसला.

घरी आले तेव्हा नवरा अंगणात त्याच्या गाडीच्या टायरची हवा तपासत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "किती वेळा थांबलीस?"

"एकदाही नाही."

"बरं," तो म्हणाला. तेवढंच. मग दुसऱ्या टायरकडे वळला. त्याची हवा त्याने आधीच तपासलेली होती. मी येताना बघितलं होतं.

त्याच दुपारी मी यादीत एक ओळ लिहिली: 'लेसबद्दल त्याच्याशी बोलणे.' त्याला पाच आठवडे झाले. मी दोनदा सुरुवात केली. एकदा त्याला गॅरेजचं दार तपासायचं होतं, एकदा मलाच कुकरची शिट्टी ऐकू आली, जी झाली नव्हती. दर सोमवारी नवी यादी करताना ती ओळ मी पुढच्या पानावर उतरवून घेते. या आठवड्यात ती सातव्या क्रमांकावर आहे. वरची सहा झाली.